नववीतली पोरगी, सायकल स्टँड अन् स्कूटीचा हट्ट

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लई दिवसांनी धागा काढायलोय. विषय म्हटलं तर किरकोळ, पण आमच्या घरात रोज सकाळी भांडण लावायलाय.

पोरगी नववीला. गाव तालुक्याचं, लातूर जिल्हा. घरापासून शाळा अडीच किलोमीटर. शाळेत सायकल स्टँड आहे, म्हणजे मागच्या भिंतीला लागून पत्र्याचं एक छप्पर. त्याखाली मावतात साठ-सत्तर सायकली, येतात दोनशेच्या वर. उरलेल्या लिंबाखाली, हापशापाशी, नाहीतर सरळ उन्हात. सध्या सकाळची शाळा, सातला भरते. साडेसहाला जो पोचेल त्याला सावली. सुटल्यावर आतली सायकल काढायची तर आधी बाहेरच्या वीस-पंचवीस बाजूला घ्याव्या लागतात. एवढी सबूर कुणाला आहे? ओढतात. मग एकीचं पायडल दुसरीच्या तारांत, दुसरीची ब्रेकवायर तिसरीच्या हँडलात, आणि एक पडली की अख्खी रांग आडवी. महिन्यात दोनदा तारा तुटल्या, एकदा मडगार्ड वाकलं.

परवा तर कुणीतरी मागच्या चाकाची हवा सोडून वॉलच काढून नेला. पोरगी एप्रिलच्या उन्हात बारा वाजता सायकल ढकलत घरी. लाल तोंड, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. माठातलं पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी म्हणाली, "पप्पा, स्कूटी."

वर्गातल्या सहा-सात जणी स्कूटीवर येतात म्हणे. शाळेत गाडी आणायला बंदी आहे, म्हणून गेटबाहेर रसवंतीपाशी लावतात. तिथं रसवंतीवाला ओरडतो, शेजारचे आजोबा दाराला गाडी टेकवली म्हणून ओरडतात. ती दुसरीच तऱ्हा. घरातून फर्मान, "ऊन बघा जरा, घेऊन टाका." मला काय करावं कळंना. तुमच्याकडं काय चाललंय?

वाळवण

स्कूटी देऊ नका. बास. बाकीचं सगळे सांगतीलच.

बालाघाटी मास्तर

दादा, मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर शिक्षक आहे. शाळा सुटताना गेटवर उभं राहायची माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यामुळे स्टँडमधलं महाभारत तुमच्यापेक्षा जास्त बघितलंय. दोन गोष्टी सांगतो.

वॉल नेणारं पोरगं चोर नसतं. त्याचा वॉल आदल्या दिवशी कुणीतरी नेलेला असतो. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण घरी सांगायची सोय नाही, सायकलवाल्याकडं जायला वेळ नाही, ट्यूशन आहे. मग शेजारच्या सायकलीचा काढायचा. असा एक वॉल जूनमध्ये कुणाचा तरी हरवतो आणि एप्रिलपर्यंत शाळाभर फिरत राहतो.

दुसरं. आपल्याकडं १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे असतंच, वर १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या शाळेत सगळी पोरं सायकलवर येतात, एकूण एक. आणि त्या दिवशी स्टँडमधली एकही सायकल पडत नाही. तीन वर्षं मुद्दाम बघतोय. कारण साधं आहे. त्या दिवशी पोरं वर्गवार रांगेनं बाहेर पडतात. इतर दिवशी घंटा झाली की साडेचारशे पोरं एकदम सुटतात, बैलं सुटल्यासारखी.

शिपाईमामा एकटाच असतो हो. घंटा त्यानं द्यायची, पाण्याची टाकी त्यानं भरायची, ऑफिसातले कागद त्यानं न्यायचे. त्याच्यावर स्टँडही टाकलं तर तो बिचारा काय करणार?

काळाकोट (नांदेड)

कायद्याचं मी सांगतो, म्हणजे पुढचा वाद वाचेल. नववीतली मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. सोळा पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, पण बाजारातल्या स्कूटी शंभर-सव्वाशे सीसीच्या. त्याला अठरा लागतात. म्हणजे दहावी-बारावीचं सोळाचं पोरगं लायसन दाखवत असलं तरी त्याच्या बुडाखालची गाडी त्या लायसनात बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९९अ कलम आलं. अल्पवयीनानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. "मला माहीतच नव्हतं" हे पालकांनी सिद्ध करायचं. रोज चावी तुम्हीच देता, तेव्हा सिद्ध काय करणार?

मांजराकाठ

वकीलसाहेब, बॅटरीवाली घेतली तर? दुकानदार म्हणाला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही.

काळाकोट (नांदेड)

लागत नाही, पण कुठल्या गाडीला? जिची मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तिला. दुकानात तशी म्हणून दाखवतात आणि वर "वेग वाढवून देतो" म्हणतात. वाढवला की ती मोटरसायकल झाली. कागद स्वतः वाचा, दुकानदाराचं तोंड बघू नका.

कुंथलगिरी पेढा

२५ च्या वेगानं स्कूटी? आमचा कॉलेजातला मित्र सायकलवर ट्रॅक्टरची ट्रॉली धरून यापेक्षा जोरात जायचा. (करू नका कुणी. त्याचे दोन दात गेलेले आहेत.)

मांजराकाठ

मी मांजराकाठांची मुलगी. पप्पा मोबाईल चार्जिंगला लावून शेतात गेलेत, म्हणून इथूनच लिहिते. सगळा धागा वाचला.

पप्पांनी अर्धंच सांगितलं. उन्हाचं काही नाही, ऊन सगळ्यांनाच लागतं. शाळा साडेअकराला सुटते, ट्यूशन साडेबाराला. मागच्या वर्षी आम्ही चौघी सायकलवर जायचो. रस्त्यात बोलायचो, पेप्सी घ्यायचो, एकीची चेन पडली की सगळ्या थांबायचो. दिवाळीत दोघींना स्कूटी आल्या. तिसरी आता त्यांच्या मागं बसते. मी एकटी सायकलवर. मी पोचते तोवर त्यांचं सगळं बोलून झालेलं असतं, मग मी विचारलं की म्हणतात, "अगं काही नाही, तसंच." त्यांना जोरात चालवायची हौस नाही, मलाही नाही. मला फक्त त्यांच्यासोबत पोचायचंय.

आणि पत्र्याखालची सावली साडेसहाला येणाऱ्याला मिळते हे पप्पांना वाटतं. ती दहावीच्या मुलांची असते. ते सात वाजून दहाला आले तरी.

बीडचे सर, तुमचं वॉलचं खरंय. फेब्रुवारीत माझा गेला होता तेव्हा मीही एक काढला होता. कुणाचा ते माहीत नाही, निळी सायकल होती. पप्पा हे वाचणारच आहेत, वाचू दे.

वाळवण

अगं माझी बाई! "मला फक्त त्यांच्यासोबत पोचायचंय." काल मी एका ओळीत निकाल लावून मोकळी झाले होते. आता दोन दिवस हेच डोक्यात राहणार.

गोदाकाठची

बाळा, मावशीचं ऐक जरा. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली, हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेचा. मुलांना पासाला सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरायचा. पास दोघांकडं, बस कुणाकडंच नाही! संध्याकाळची गाडी आली तर आली. नाही आली तर आम्ही पाचजणी चालत. भुईमुगाच्या दिवसांत बांधावरच्या शेंगा उपटत, उसाच्या दिवसांत ऊस मोडत. घरी पोचायला आठ.

पुढं आमच्या धाकट्या बहिणीच्या वेळी मानव विकासची निळी बस सुरू झाली, शाळेच्या वेळेवर, मुलींसाठी. बस आली आणि वेळेवर घरी यायला लागली. आईला हायसं वाटलं. पण बहीण आजही म्हणते, "ताई, तुमच्याकडं सांगायला गोष्टी आहेत, माझ्याकडं खिडकी आहे."

तुला चालत जा म्हणत नाहीये. पण तू म्हणतेस ते मला कळलं.

सुशीलाप्रेमी

(आयडीबद्दल आधीच खुलासा. सुशीला हा मुरमुऱ्यांचा नाश्ता आहे, लातूर-नांदेडकडच्यांना माहिताय. बायको मूळची कोल्हापूरची, तिला अजून पटलेलं नाही.)

सायकलवरून आठवलं. २०१६ ला मी लातूर शहरात नववीत होतो. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी नाही. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी गर्दी नको म्हणून १४४ कलम लावलेलं. माझ्या सायकलीला दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, मधी दप्तर. शाळेतून सुटलो की टँकर कुठं उभाय ते शोधायचं. कॅन भरले की सायकल चालवता येत नाही, नुसती धरून चालायचं. हँडल एवढं जड व्हायचं की वळवायला दोघं लागायचे. मित्र माझ्या घरापर्यंत, मग मी त्याच्या घरापर्यंत.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही सहा पोरं पहाटेपासून स्टेशनकडं निघालेलो, सायकली कुठं लावाव्यात कळेना एवढी गर्दी. एका टपरीमागं लावल्या. परत आलो तर सगळ्यांच्या सायकली जागेवर, फक्त कॅन गायब! पाण्याचे रिकामे कॅन. त्या महिन्यात सायकलपेक्षा कॅन महाग होता.

मिरजेहून गाडी आलेली सगळ्यांना आठवते. घरी कॅन हरवल्याचा जो मार बसला तो फक्त मला आठवतो.

माळवद

मी जुना माणूस, उमरगा भाग. आमच्या शाळेला सायकल स्टँड नव्हतं, कारण शाळाच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या भूकंपाची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. मी आठवीत. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं खाली आलं. त्यानंतर शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. मार्चपासून पत्रा असा तापायचा की गुरुजी फळा लिंबाखाली आणायचे. सायकली त्याच लिंबाला टेकवलेल्या, आम्ही सायकलींना टेकून बसायचो. म्हणजे आमचं स्टँड आणि आमचा वर्ग एकच.

एक मात्र झालं. त्याआधी उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर झोपायचं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडं कुणी वर झोपलं नाही, आत तर नाहीच नाही. अंगणात बाजा टाकायच्या. नवीन स्लॅबच्या घरात गेल्यावरही वडील उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही ओसरीवर.

बालाघाटी मास्तर

माळवद बप्पा, यावर काय लिहावं सुचेना.

कुंथलगिरी पेढा

जरा उन्हाळ्याचं चांगलंही येऊ द्या की. परीक्षा संपली की आम्ही मामाच्या गावाला, भूम तालुक्यात. मामाच्या आमराईत प्रत्येक झाडाला नाव. गोटी, शेप्या, शेंदऱ्या, खोबऱ्या. शेप्याला शेपूचा वास यायचा, तो कुणी खायचं नाही, म्हणून तो पाहुण्यांना द्यायचा. आजी घरात गवतात आढी घालायची आणि दाराला कडी. आम्ही खिडकीतून काठीला खिळा लावून आंबे ओढायचो, कच्चेच. आजीला रोज आंबे मोजता यायचे, आम्हाला रोज खोटं बोलता यायचं. दोन्हीकडं सराव चांगला झाला.

सकाळी विहीर. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा. काका वरून ढकलून द्यायचे, हीच शिकवणी. तिसऱ्या दिवशी डबा सुटलेला असायचा आणि आपल्याला कळलेलंच नसायचं.

गोदाकाठची

मुलींना विहिरीत कुणी ढकललं नाही हो. आम्ही कुरडयांचा चीक ढवळत होतो. पहाटे चारला उठून. चीक खाल्ला मात्र भरपूर, मीठ आणि तेल घालून.

वाळवण

माझा आयडी उगाच नाहीये. माळवदावर साडी पसरून कुरडया घालायच्या आणि कावळे हाकलायला पोरं बसवायची. त्यांची मजुरी एक अर्धओली कुरडई.

बालाघाटी मास्तर

विहिरीवरून एक सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. आता आमच्याकडच्या विहिरी एप्रिलात तळ दाखवतात, म्हणून पोरं शेततळ्यात उतरतात. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. कडा उतरत्या, कागद शेवाळलेला, पाय ठरत नाही. पोहता येणारं पोरगंसुद्धा वर चढू शकत नाही. विहिरीला निदान पायऱ्या, कपारी, मोटेची जागा असते. आमच्या शाळेतलं एक पोरगं असंच गेलं, आठवीतलं, चांगलं पोहणारं. त्याची सायकल स्टँडमध्ये पंधरा दिवस तशीच होती. कुणी हलवली नाही, कुणी हवाही सोडली नाही.

ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवा, दोन ट्यूब बांधून ठेवा. हजाराच्या आत काम होतं. कुंपण असलं तर उत्तमच.

मांजराकाठ

मास्तर, आमच्या तळ्याला दोर नव्हता. आज संध्याकाळी टाकला. (हा मीच, बाप.)

पोरीचं लिहिलेलंही वाचलं. रात्री जेवताना दोघंही त्यावर बोललो नाही. मग मीच विचारलं, निळी सायकल कुणाची होती? म्हणाली, खरंच माहीत नाही.

सुट्टीबद्दल एक तक्रार मात्र माझीही आहे. आमच्या वेळी एप्रिलच्या मध्यात परीक्षा संपायची. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा पार एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत नेल्या. वर पारा चाळिशीपार. आणि हिची दहावीची "व्हेकेशन बॅच" लगेच मे महिन्यात. मामाचं गाव आता रविवारचं.

सुशीलाप्रेमी

लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात राहून मे महिना मागायलात? ट्यूशन एरियात जाऊन बघा. तिथं मे महिन्यातही सायकल लावायला जागा मिळत नाही.

बालाघाटी मास्तर

दादा, स्टँडचं एक करून बघा. शाळेच्या शिक्षक-पालक बैठकीत मांडा. आमच्याकडं जमलं म्हणून सांगतो.

एक, जमिनीवर फक्कीनं तिरप्या रेघा मारायच्या, मैदान आखायला जी वापरतो तीच. सरळ लावल्या की हँडलं एकमेकांत जातात. तिरप्या लावल्या की प्रत्येकीचं हँडल शेजारचीच्या थोडं मागं राहतं, अडकत नाही. दोन, जे वर्ग शेवटी सुटतात त्यांच्या सायकली आत, पाचवी-सहावीच्या बाहेर. दहावीच्या जादा तासाला पोरं तशीही थांबतात, त्यांना भिंतीकडं ढकला, सावली त्यांचीच राहील, भांडणही नको. तीन, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं वर्ग सोडायचे. मुख्याध्यापक आधी नाही म्हणतील. १७ सप्टेंबरचं उदाहरण द्या.

आणि ऑफिसात एका डबीत वीस वॉल ठेवा. फुकट. म्हणजे तो फिरणारा वॉल थांबेल.

वाळवण

स्कूटीवाल्या मुलींचं काय? रसवंतीवाल्याचं काय?

काळाकोट (नांदेड)

रसवंतीवाल्यानं एकदा पालकांना फोन करावा. दंडाचा आकडा सांगावा. जागा आपोआप मोकळी होते.

मांजराकाठ

नऊ दिवसांनी लिहितोय. बैठक झाली. रेघा मारायचं काम नववीलाच दिलं, फक्की संपली तेव्हा पोरांनी चुना आणला. पोरगी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन घरी आली. वर्ग टप्प्यानं सोडायला मुख्याध्यापक तयार झाले नाहीत, "वेळापत्रक बिघडतं." म्हणून दोनच मिनिटांचं अंतर ठेवलंय, तेही शिपाईमामा घंटा हळूहळू देतो म्हणून. सायकली पडायच्या कमी झाल्यात. थांबल्या नाहीत.

स्कूटी घेतली नाही. घेणारही नाही, निदान दोन वर्षं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्या मागं बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरून फोन आला. रसवंतीपाशी काहीतरी झालं, घरच्यांनी स्कूटीवर बसायला मनाई केलीय, "तुमची सायकलवर जाते का, हिलाही न्या." आता दोघी जातात. कधी डबलसीट, कधी दोन सायकली.

मांजराकाठ

पप्पा गेलेत. मी.

डबीतला वॉल मी आधी माझ्यासाठी घेतला नाही. स्टँडच्या कोपऱ्यात निळी सायकल दिसली, सातवीतल्या एका मुलाची होती. तिला वॉल होता. म्हणजे त्यानंही कुणाचा तरी काढला असेल. मी डबीतला एक नेऊन त्याच्या हातात दिला, तर तो म्हणाला, "ताई, मला आहे की." मग मी तो माझ्याच सायकलीला लावला.

बालाघाटी मास्तर

बसला ना? मग गप्प चालव.